तिसरी किल्ली

मी किल्ल्या करते. एकतीस वर्षं झाली. बाजाराच्या तोंडाशी माझी टपरी आहे, दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याला रस्त्यात उभं राहावं लागतं एवढीशी. आत किल्लीचे दाते कातायचं एक यंत्र, एक लोखंडी पकड, कानशींचा डबा आणि भिंतभर कोऱ्या, दाते न पाडलेल्या किल्ल्या. लोक मला किल्लीमावशी म्हणतात. पाठीमागं तोंडाळ म्हणतात, तेही काही खोटं नाही.

धंदा बापानं शिकवला. बापाचा एक नियम होता: किल्ली कुणाची ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. विचारलं की त्याला राग येतो आणि तो पुढच्या टपरीवर जातो. एकतीस वर्षं मी तो नियम इमानेइतबारे पाळला. आता बाप असता तर कडाकडा भांडले असते त्याच्याशी. तो नाही, म्हणून स्वतःशीच भांडते.

बापाची दुसरी एक सवय मला लागली. कातताना किल्ली चुकली, एखादा दाता जास्त खोल गेला, तर ती फेकायची नाही. यंत्राच्या वर एक तार बांधलेली आहे, तिच्यात ओवायची. रोज डोळ्यांसमोर असली की हात जपून चालतो. तारेत चाळीसेक किल्ल्या असतील. मला आपलं वाटायचं, आपल्या चुका म्हणजे एवढ्याच.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माझी भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी. पाळण्यात होती तेव्हा अशी किंचाळायची की शेजारी धावत यायचे, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणतात. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती रात्रपाळीला रक्त तपासायचं काम करते. दोन वर्षांच्या उमेदवारीचे दोन महिने उरले होते, ते संपले की नोकरी कायम. सकाळी भाड्याच्या खोलीवर यायचं, दिवसभर झोपायचं, असा तिचा उलटा दिवस. म्हणजे अकरा वाजता तिनं गाढ झोपेत असायला हवं होतं, आणि ती माझ्या टपरीसमोर अनवाणी उभी होती.

"मावशी, आतून लावायची एक कडी दे," ती म्हणाली. "जाडजूड. लाथ मारली तरी तुटणार नाही अशी."

"का गं? तुझ्या दाराला कडी नाही?"

"होती. मालकानं दार रंगवायला म्हणून काढली. चार महिने झाले, बसवतो बसवतो म्हणतोय."

मी स्टूल पुढं सरकवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला. मग ती बोलायला लागली, तुकड्यातुकड्यानं. आधी फणी जागेवर नसायची. मग एकदा संध्याकाळी बाजार करून परत आली तर उशीवर खळगा, कुणीतरी डोकं टेकवल्यासारखा. आपलाच भ्रम म्हणून तिनं सोडून दिलं. आणि त्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला तिला जाग आली, तर घरमालक खाटेच्या पायथ्याशी उभा.

"माझ्या अंगावरचं पांघरूण काढलेलं होतं, मावशी. झोपेत सरकलं असेल म्हणशील. सरकलं नव्हतं. खुर्चीवर त्याची घडी घालून ठेवलेली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि तो मुडदा काय म्हणाला?"

"म्हणाला, झोप बेटा, नळ गळतोय का बघत होतो. आणि गेला. मी ओरडणार होते गं. तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. मी! टिटवी!"

एवढं म्हणून ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण खरं सांगते, मनात त्या माणसाचं मुंडकं पकडीत धरून पिळत होते.

"पण त्याच्याकडं किल्ली आली कुठून?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही. दोन किल्ल्या होत्या, दोन्ही त्यानं पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिल्या. म्हणाला, बेटा, तिसरी जगात नाही. तुम्ही लेकीबाळी, तुमची जबाबदारी आहे माझ्यावर."

तिनं आपली किल्ली माझ्यापुढं ठेवली. मी ती उचलली आणि हात जागच्या जागी थांबला. तीन पन्हाळींची, म्हणजे लांब खाचांची, जुन्या पद्धतीची किल्ली. या घडणीच्या कोऱ्या किल्ल्या बाजारात मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. एकतीस वर्षांत मी एकदाच मागवल्या होत्या. पाच आल्या, एक चुकली, चार दिल्या.

मी मान वर करून तारेकडं बघितलं. शेवटाकडून सहावी. ती काढली आणि टिटवीच्या किल्लीला चिकटवून उजेडात धरली. दाताला दात बसला, फक्त शेवटचा एक जरा जास्त खोल.

मग मला तो आख्खाच्या आख्खा आठवला. सहा महिन्यांपूर्वी आला होता. परीटघडीचा शर्ट, तोंडात साखर. चार वेगवेगळ्या किल्ल्या पुढं ठेवून म्हणाला, प्रत्येकीची एक एक करा. मी नियमाप्रमाणं काही विचारलं नाही. वर त्यानं आणखी एक काम सांगितलं. एक छल्ला हवा होता, कुणाला उघडता येणार नाही असा, आणि त्याला हातभर साखळी, कमरेच्या पट्ट्याला कायमची जोडलेली. "किल्ल्या इकडंतिकडं पडल्या तर पंचाईत. जोखमीचं काम आहे," म्हणाला. मी छल्ल्याच्या तोंडाला डाग देऊन तो कायमचा बंद केला, साखळीचं दुसरं टोक पट्ट्याच्या लोखंडी कडीला डाग देऊन जोडलं. वर माझ्या टपरीचा पत्र्याचा बिल्ला अडकवला, फोन नंबर ठोकलेला. आणि तो गेल्यावर मनाशी म्हणाले, किती जबाबदार माणूस! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

टिटवीपासून लपवता आलं असतं. तारेतली किल्ली परत ओवली असती तर तिला काय कळणार होतं? पण मी तोंडाळ आहे, खोटारडी नाही.

"तिसरी किल्ली मी केली," मी म्हटलं. "त्याला. माझ्या हातानं."

तिनं त्या दोन किल्ल्या उचलून एकमेकींवर ठेवून बघितल्या. मग म्हणाली, "किती केल्यास?"

"चार."

"चार खोल्या आहेत, मावशी. चारही मुलींच्या. आणि चारही दारांच्या कड्या त्यानं काढल्यात."

टपरीचं फळकूट ओढून घेतलं आणि आम्ही तडक पोलीस चौकीत गेलो. टेबलामागच्या साहेबानं सगळं ऐकून घेतलं, पेन काही उचललं नाही. मालकाला फोन लावला. मालक पलीकडून म्हणाला, दार उघडंच होतं, नळाची तक्रार होती, माझ्याकडं किल्लीच नाही तर मी उघडणार कसं? साहेबानं फोन ठेवला.

"घर त्याचं आहे. दार उघडं होतं म्हणतो. बरं, त्यानं केलं काय तुम्हाला?"

"काही केल्यावरच यायचं का तुमच्याकडं?" मी म्हटलं. "तोवर काय वाट बघत झोपायचं तिनं?"

"बाई, आवाज खाली. तुम्ही केली म्हणता ती किल्ली त्याच्याचकडं आहे हे दाखवा, मग बघू."

बाहेर आलो तर पाठोपाठ एक हवालदारबाई आली. चाळिशीची, दंड चांगले भरलेले, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. एका चिठ्ठीवर नंबर लिहून टिटवीच्या हातात देत ती म्हणाली, "साहेब एका बाबतीत बरोबर बोलले. किल्ली आणि दार एकत्र सापडलं पाहिजे. सापडलं तर मला फोन कर. वर्दी असो नसो, मी येईन."

टिटवीला मी माझ्याकडंच ठेवून घेतलं. तिकडून माझ्या बहिणीनं फोनवर एकच धोशा लावला: सामान आवर, नोकरी सोड, घरी ये, अब्रू आहे तोवर ये. टिटवीनं दोन दिवस ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मी काय केलंय म्हणून मी जाऊ? दोन महिन्यांसाठी दोन वर्षं घालवू? आणि मी गेले की त्या खोलीत दुसरी येईल. तिलाही तो दोन किल्ल्या देईल आणि बेटा म्हणेल." आणि फोन ठेवून दिला.

माझ्या डोक्यात तर नुसता वणवा पेटलेला. पहिला बेत केला तो दाराच्या मुठीत वीज सोडायचा. दुसरा, कुलपाच्या तोंडाशी पात्याचे तुकडे बसवायचे. टिटवीला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि मग तुला तुरुंगात डबा कोण पोचवणार? मला त्याचं रक्त नकोय, मावशी. चौकीत काही झालं नाही, म्हणजे तो पुन्हा येणारच. मला तो दारात हवाय. किल्लीसकट. आणि हे काम तूच करायचं. तुझ्या हातानं गेलं, तुझ्याच हातानं परत यायला पाहिजे."

 मी कामाला लागले.

तसल्याच घडणीचं एक कुलूप मी भंगारवाल्याकडून हुडकून आणलं. दोन दुपारी टपरीचं फळकूट अर्धं ओढून त्याच्यावर बसले. कुलपात असतं काय, किल्ली आत गेली की बारीक पिना वर उचलल्या जातात आणि आतला भाग फिरतो. मी त्या पिना टिटवीच्या किल्लीबरहुकूम बसवल्या आणि फिरत्या भागाला बाजूनं एक भोक पाडलं, अगदी टाचणीच्या डोक्याएवढं. किल्ली पाव वळली की एक पिन त्या भोकात टपकन पडते. झालं! मग किल्ली ना पुढं, ना मागं, ना बाहेर. उंदराच्या पिंजऱ्यासारखं. सोडवायला एक सुई लागते, आणि ती कुठून घालायची ते मला ठाऊक. टिटवीची किल्ली घालून पाहिली. अशी रुतली की टिटवीनं दोन्ही हातांनी ओढूनही हलेना. त्या सकाळनंतर पहिल्यांदा ती हसली.

चौथ्या दिवशी सकाळी सात ते साडेआठ मालक फिरायला गेला होता. रोजच जायचा, तब्येत जपायचा मेला. तेवढ्यात मी खोलीत शिरले. जुनं कुलूप काढलं, नवीन बसवलं आणि त्याच्यावर जुनीच पितळी पट्टी लावली, ओरखड्यांसकट. आतून कडी बसवली, कुणी लाथ मारली तरी तुटणार नाही अशी. स्क्रू हातानं पिळले, म्हणजे आवाज नको. समोरच्या खोलीत एक मुलगी राहते, बेकरीत केकवर फुलं काढायचं काम करते, तिला टिटवीनं आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ऐकून ती म्हणाली, "माझ्या खोलीतही नळ गळतो." त्या दिवशी रजा टाकून ती दार लोटून आत बसली. हवालदारबाई साध्या कपड्यात रस्त्यापलीकडच्या बाकावर बसली, मांडीवर भाजीची पिशवी.

नऊ वाजता टिटवी नेहमीसारखी आली. नेहमीसारख्या चपला दाराबाहेर काढल्या. आत येऊन कडी लावली आणि खाटेवर पाय जवळ घेऊन बसली. मी दाराला लागून जमिनीवर बसले, अवजारांची पिशवी मांडीशी, फोनचा आवाज बंद.

खोली नीट बघितली ती मी तेव्हाच. एक खाट, एक खुर्ची, भिंतीत कप्पे, त्यात पुस्तकं उंचीप्रमाणं लावलेली. कोपऱ्यात नळ. एक थेंब गळत नव्हता. या पोरीनं स्वतःच्या कमाईवर उभी केलेली एवढीशी जागा, आणि तीही त्याला सुखानं बघवेना. 

दहा वाजून वीस मिनिटांनी जिन्यावर किणकिण झाली. छल्ल्याची. अर्ध्या जिन्यात ती बंद पडली. मुठीत धरला असणार. मग पावलं. टाचा न टेकवता येणारी. दाराबाहेर थांबली.  टिटवीचे डोळे कुलपावर.

किल्ली आत सरकली. हळू, सवयीनं. पाव वळली.

टपकन.

मला तो आवाज गाण्यासारखा वाटला, खोटं कशाला बोलू?

 मग किल्ली हलवल्याचा खुडखुड आवाज. मग जोर. मग साखळीला हिसका. मग दातांतल्या दातांत एक शिवी. पुन्हा हिसका. साखळी हातभर होती, एक टोक दारात, दुसरं कमरेला. दावणीला बांधलेल्या बैलासारखा तो तिथल्या तिथं घुटमळत होता. मी छल्ला असा बंद केला होता की हत्ती लावला तरी उघडला नसता. माझं काम पक्कं असतं.

मग माझ्या मांडीवरचा फोन थरथरला.

नंबर अनोळखी. पण बिल्ला त्याच्या छल्ल्यातच होता, तो आणि कुणाला फोन करणार? मी टिटवीकडं बघितलं. तिनं मान हलवली. मी फोन उचलला.

"किल्लीवाल्या बाई?" एकदम कुजबुजत. "जरा घाई आहे. किल्ली अडकलीय. ताबडतोब या. एकट्याच या, आणि हे बघा, उगाच गाजावाजा नको."

सहा महिन्यांपूर्वी विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं.

"कुणाचं दार?"

"अं? माझंच. माझ्या घराचं."

"मग आतून कुणाला तरी उघडायला सांगा की."

"आत कुणी नाही हो!"

"कुणी नाही?" मी आता आवाज मुळीच दाबला नाही. "मग दाराबाहेर चपला कुणाच्या आहेत?"

 त्याला माझा आवाज दोनदा आला असणार, एकदा कानातल्या फोनातून आणि एकदा दारातून. त्याच्या तोंडून नुसतं "ब... ब..." असं काहीतरी निघालं. बोबडी वळली मेल्याची.

आणि तेव्हा टिटवी ओरडली.

काय ओरडली हो! पाळण्यातली ती किंचाळी परवडली. खाटेवर उभी राहून, डोळे उघडे ठेवून, पोटाच्या तळापासून. चार दिवस आत अडकलेलं ते सगळं एका दमात बाहेर आलं. माझ्या कानात दडे बसले. मी तिला थांबवलं नाही. खाली रस्त्यावर एक गाडी थांबलेली मी ऐकली.

मग ती खाली उतरली, कडी काढली आणि दार आत ओढलं. दाराबरोबर साखळी आली, साखळीबरोबर तो. दोन पावलं आत धडपडला.

"आत नाही," टिटवी म्हणाली. "उंबरठ्याबाहेर."

आणि तो निमूटपणे मागं सरकला, साखळी ताणली जाईल तेवढा. समोरचं दार उघडून केकवाली फोन रोखून उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं. पळायची एकच वाट होती. त्याचे हात पट्ट्याकडं गेले आणि त्यानं बक्कल सैल केलं.

"सोडा, सोडा ना काका," केकवाली म्हणाली. "मुलीच्या दारात पट्टा सोडताना फोटो फार छान येईल तुमचा."

त्याचे हात तिथंच गोठले. बक्कल अर्धं सुटलेलं, ना लावता येतंय ना काढता येतंय. "अगं बेटा, गैरसमज होतोय. मी नळ..."

"नळ तिथं आहे," टिटवीनं कोपऱ्याकडं बोट केलं. "गळतोय का बघा. तिथूनच बघा."

त्यानं खरंच बघितलं हो! सवयीनं मान वळली त्याची. केकवाली फिसकन हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ओरडणं ऐकून खालून मालकीण वर आली. पदराला हात पुसत आली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. नवरा, साखळी, किल्ली, दार. तिनं सगळं एकदा वाचून काढलं.

"रोज दहा वाजता कुठं असता विचारलं तर गच्चीवर असतो म्हणायचात," ती म्हणाली. एवढंच. मग पायरीवर बसली आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिच्या मागून हवालदारबाई आली. भाजीची पिशवी तिनं कठड्याला अडकवली, खिशातून ओळखपत्र काढून त्याच्या नाकासमोर धरलं. मग कुलपाशी वाकून बघितलं, छल्ल्यातल्या बाकीच्या किल्ल्या बोटानं एकेक करून बाजूला केल्या. प्रत्येक किल्लीला रंगीत दोऱ्याची गाठ होती, खोलीप्रमाणं. तिनं केकवालीच्या दारात एक घालून पाहिली, साखळी तिथवर पोचेना. "असू दे," ती म्हणाली. "नंतर."

"बाई, आधी मला सोडवा यातून," मालक म्हणाला. घामानं परीटघडीचा शर्ट पाठीला चिकटला होता. "ही बाई किल्लीवाली आहे, तिला सांगा."

हवालदारबाईनं माझ्याकडं बघितलं. "निघेल का?"

"अवजारं टपरीवर राहिली," मी म्हटलं.

अवजारांची पिशवी माझ्या पायाशी होती, तोंड उघडं, कानस बाहेर डोकावत होती. हवालदारबाईनं ती बघितली. मला बघितलं. खोलीतली खुर्ची ओढून दारात टाकली आणि बसली.

"तसंही पंचनामा होईपर्यंत किल्ली हलवायची नाही," ती म्हणाली. "पंच यायचेत, फोटो व्हायचेत. बाकीच्या दोन मुलींनाही कामावरून बोलवून घ्या. थांबू. काय घाई आहे?"

साडेतीन तास तो उभा होता. बसता येईना, कारण साखळी तेवढी नव्हती. एका हातानं पट्टा धरलेला, दुसरा भिंतीला. इमारतीतले लोक येऊन बघून गेले. कुणी काही बोललं नाही की तो केविलवाणा होऊन विचारायचा, "तुम्ही तरी सांगा हो, मी कसा माणूस आहे?" लोक मान खाली घालून जायचे. उरलेल्या दोन मुली आल्या. एकीला सांगावंच लागलं नाही, ती त्याला त्या दारात बघून तिथंच मटकन बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी वेडी नव्हते." टिटवीनं तिला आत नेऊन पाणी दिलं. त्यानं पाणी मागितलं तेव्हा चौघींपैकी एकीनंही मान वळवली नाही. मी दिलं. तो घेरी येऊन पडायला नको होता मला.

मला काय वाटलं ते विचाराल तर सांगते. बरं वाटलं. मिनिटामिनिटाला बरं वाटलं. तो पाय बदलायचा, माझ्या छातीतली एक गाठ सुटायची.

पंचनाम्यात हवालदारबाईनं विचारलं, "ही किल्ली कुणी केली?" मी म्हटलं, "मी." तिनं लिहून घेतलं. मी तारेतली ती चुकलेली किल्ली पिशवीतून काढून तिच्या हातात दिली, तीही जप्त झाली. मग ती म्हणाली, "आता काढा."

मी पिशवीतून सुई काढली. आत घातली, एकदा दाबली. किल्ली लोण्यातून निघाल्यासारखी बाहेर आली.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "म्हणजे... येत होतं तुम्हाला?"

"माझंच कुलूप आहे," मी म्हटलं.

"छल्ला काढून द्या," हवालदारबाई म्हणाली.

"निघायचा नाही. डाग दिलाय. यानंच सांगितलं होतं, उघडता येणार नाही असा करा म्हणून. तोडावा लागेल."

"तोडायचा नाही, मुद्देमाल आहे. आहे तसा जमा करायचा." तिनं हात पुढं केला. "साखळीसकट. पट्ट्यासकट."

त्यानं पट्टा काढून दिला. पँट सैल होती, तब्येत जपणारा माणूस ना. खालपर्यंत तीन जिने, प्रत्येक दारात माणसं, आणि हा दोन्ही हातांनी पँट धरून एकेक पायरी उतरतोय. तोंड झाकायला त्याच्याकडं हात उरला नव्हता. खालच्या फाटकापर्यंत सगळ्यांनी त्याचं तोंड नीट बघितलं. मी वरून कठड्याला टेकून शेवटपर्यंत बघत होते.

संध्याकाळी मी उरलेल्या तिन्ही दारांनाही कड्या बसवल्या आणि टिटवीच्या दाराला कोरं करकरीत कुलूप लावलं. किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती उलटीपालटी करून बघितली.

"दुसरी कुठाय?"

"दुसरी नाही. एकच केली."

"आणि हरवली तर?"

"तर मला बोलव. मी कुऱ्हाड घेऊन येईन, दार फोडून देईन. पण या दाराची दुसरी किल्ली मी करणार नाही, तू स्वतः मागितलीस तरी."

ती आत गेली. मी बाहेर उभी राहिले, आतून कडी सरकल्याचा आवाज येईपर्यंत. आला. मग मी माझ्या चपला घातल्या. तिच्या चपला तिनं आज आत नेल्या होत्या.